पांढरीबाहेरची वस्ती

महसूल खात्याच्या कागदांत एक शब्द अजून टिकून आहे : बेचिराख. फारसीत चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग, आपल्या तोंडी बेचिराख. अशा गावाला नाव असतं, शीव असते, गट नंबर असतात, सातबारा निघतो. फक्त माणूस नसतो. कधी पटकी, कधी प्लेग, कधी दुष्काळ, कधी नुसतं आडाचं पाणी आटलं म्हणून माणसं उठून शेजारच्या मोठ्या गावात गेली आणि मागं एक पांढुरकं टेकाड राहिलं. नांदेड-लातूरकडे गावच्या जमिनीचे रंग दोनच. पिकते ती काळी, राहायची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती यांची मिळून ही भुसभुशीत माती झालेली असते. उन्हाळ्यात शेतकरी ती गाड्या भरून नेतात, खताला चांगली म्हणून. टोपल्यात खापरं येतात, एखादा मणी येतो. हे सगळं दिवसा. दिवस मावळला की त्या बाजूला कुणी फिरकत नाही.

आमच्या भागातल्या भुतांची माहिती घ्यायची तर या टेकाडापासूनच निघावं लागतं, कारण आमचं भूत घरात राहत नाही. ते पांढरीच्या बाहेर राहतं. पिंपळावर, आडात, ओढ्याच्या वळणावर, तिवाट्यावर, शिवेच्या दगडाशी. म्हणून त्याला नावानं न बोलावता नुसतं 'बाहेरचं' म्हणतात. 'तिला बाहेरचं झालंय' एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं कळतं.

हे वेगळेपण परक्या भुतांशेजारी ठेवलं की नीट दिसतं. इंग्लंडात केंट परगण्यात प्लकली नावाचं खेडं आहे. गिनीज बुकानं १९८९ साली त्याला देशातलं सर्वांत झपाटलेलं खेडं ठरवलं. तिथं डझनभर भुतं सांगतात, आणि प्रत्येकाचा तपशील ठरलेला : चर्चच्या आवारातली लाल बाई, गळफास घेतलेला शाळामास्तर, वाटेवरचा लुटारू, ओहोळाकाठी पालेभाजी विकणारी म्हातारी. त्या भुतांना चरित्र आहे. कोण, कधी, कसा मेला ते लोक सांगतात आणि पर्यटक ते ऐकायला जातात. आमच्या भुताला चरित्र नाही. त्याला वर्ग आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ, काही ठिकाणी अलवंतीण. पैशात, जमिनीत जीव अडकून गेला तो समंध. गेलेला माणूस गणू होता की विठोबा, हे दोन पिढ्यांत पुसलं जातं. तो कुठल्या टप्प्यावर थांबला, तेवढं राहतं.

म्हणजे भुतांची ही यादी खरं तर अर्धवट राहिलेल्या संस्कारांची यादी आहे. मुंज झाली, सोडमुंज राहिली. गर्भ राहिला, सुटका झाली नाही. यात जातीचाही हिशेब चोख आहे. मुंजा व्हायला आधी मुंज व्हावी लागते, म्हणजे ते ब्राह्मणाघरचं भूत. खवीस हा शब्द अरबी 'खबीस'वरून आला, अर्थ दुष्ट, अपवित्र. जुन्या नोंदींत खवीस कुठे मुसलमानाचं भूत असतो, तर कुठे गावकुसाबाहेरच्या माणसाचं. जिवंतपणी ज्याला गावाबाहेर ठेवलं त्याला मेल्यावरही बाहेरचाच वर्ग आणि शिवीसारखं नाव. भुतांच्या गोष्टी निरागस असतात असं मला म्हणूनच कधी वाटलं नाही.

हडळीचंच घ्या. पाय उलटे, केस मोकळे, पाठीमागून हाक मारते. जिथे दवाखाना दहा कोसांवर आणि ओढ्याला पूर, तिथे बाळंतपणात बाई जाणं नवलाचं नव्हतं. अशी बाई गेली की तिच्या तिरडीमागे राळ्याचे दाणे फेकत जायची रीत होती. परत यायला निघालीच तर दाणे वेचत बसावी आणि उजाडावं. उंबऱ्यात खिळा ठोकायचे. ती बाई त्या घरची सून. जिवंतपणी तिला पोटभर मिळालं की नाही, शेवटच्या दिवसापर्यंत निंदण-खुरपण करायला लावलं की नाही, हे त्याच घराला ठाऊक. ती परत येईल ही भीती घरच्यांनाच का वाटावी, याचं उत्तर त्या खिळ्यात आहे.

मुंजा त्या मानानं सोज्वळ. पोरवयाचा, खोडकर, खडे मारणारा. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा आला आणि देशभराच्या पोरांना तो कोकणातला वाटू लागला. आमच्याकडे मुंजाचा पिंपळ नाही असं जुनं गाव सापडणं कठीण. पिंपळच का, याचं एक साधं कारण झाडातच आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक, पान रुंद, टोक निमुळतं. वारा इतका मंद की शेजारच्या लिंबाचं पानही हलत नाही, तेव्हा पिंपळ सळसळत असतो. चैत्रातल्या रात्री अंगणात बाजेवर पडून तो आवाज ऐकला की पाऊस आला असं वाटतं, आणि हात बाहेर काढला की कोरडा. त्यातच ढोलीत गव्हाणी घुबड असतं : पांढरा बदामी चेहरा, पंखांचा आवाज नाही, आणि ओरडणं असं की एखादी बाई घसा फाडून किंचाळावी. ओस पडलेल्या गढ्यांत आणि माळवदांत या घुबडांचा पिढीजात मुक्काम असतो. मुंजा छातीवर येऊन बसतो असंही सांगतात. डोळे उघडे, छातीवर दडपण, हात हलत नाही, ओरडता येत नाही. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू शिथिल करून ठेवतो. जाग आधी आली आणि स्नायू मागं राहिले तर नेमकं असंच होतं. जगभर होतं. दुसरीकडे छातीवर म्हातारी बसते, आमच्याकडे मुंजा.

कोकणातल्या भुतांची नावं सगळ्यांना ठाऊक आणि मराठवाड्याची कुणाला नाही, यामागे एक सरकारी कारणही आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना लोकसमजुतींचा नाद होता. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून भुतं, शकुन, दृष्ट, देवऋषी यांची माहिती गोळा करवली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनना गोळी घातली. पुढं त्या कागदांतून एंथोवेन या इंग्रज अधिकाऱ्यानं कोकणच्या लोकसमजुतींवर १९१५ मध्ये आणि एकूण मुंबई इलाख्यावर १९२४ मध्ये पुस्तक काढलं. आज कुणीही मराठी भुतांवर लिहायला बसतो तेव्हा कळत नकळत त्या मास्तरांच्या उत्तरांवरच लिहितो. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शाळा मोजक्या, त्यांतही उर्दूचा वरचष्मा, आणि प्रश्नावली इकडे आलीच नाही. लातूर तर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबादेतून तो १६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. आमची भुतं कागदावर यायला प्रभाकर मांडे यांच्यासारखे लोकसाहित्याचे अभ्यासक मराठवाडाभर फिरायला लागेपर्यंत थांबावं लागलं. तोवर ती तोंडीच होती, आणि तोंडी गोष्ट गावागणिक बदलते.

विहिरीवरच्या आसरा मात्र सगळीकडे सारख्या. आसरा म्हणजे अप्सरा, संख्येनं सात. आडाच्या किंवा बारवेच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसतात, पुढं सुकलेलं लिंबू, हिरव्या बांगड्या. त्या देवी की भुतं, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. खणा-नारळानं पुजलं तर देवी, विसरलं तर ओढून नेणाऱ्या. पोहता न येणारी पोरं आणि कठडा नसलेले आड असलेल्या मुलखात ही समजूत म्हणजे धोक्याची पाटीच होती म्हणा.

पण त्यात एक खरोखरीचा भयंकर प्रकार दडलेला आहे. वर्षानुवर्षं न उपसलेल्या, झाकून ठेवलेल्या, तळाशी पालापाचोळा कुजलेल्या आडात हवा जड होते. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, ऑक्सिजन कमी पडतो, कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो. गाळ काढायला एक जण उतरतो आणि हाक न मारता कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो. मग तिसरा. वरून बघणाऱ्याला दिसतं ते एवढंच की उतरणारा प्रत्येक माणूस पाण्याला लागायच्या आत आवाज न करता जातो. यावर 'आसरांनी ओढले' यापेक्षा नेमकं वाक्य त्या काठावरच्या माणसाला सुचणार तरी कुठून? जुने विहीर खोदणारे आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडत. विझला तर उतरायचं नाही. हीच माणसं कंदील सोडण्याआधी आसरांपुढं नारळही फोडत.

चकव्याची गोष्ट त्याहून गमतीची. काळ्या रानात डोंगर नाही, रस्त्याला खूण नाही, ज्वारी डोक्याच्या वर. अमावास्येच्या रात्री माणूस बाजारहून निघतो, दोन तास चालतो आणि निघाला त्याच बाभळीशी येतो. पुन्हा निघतो, पुन्हा तीच बाभूळ. मग तो समजतो, चकवा लागला. उपाय ठरलेला : चालणं थांबवायचं, खाली बसायचं, सदरा उलटा करून घालायचा, तंबाखू मळायची आणि फटफटेपर्यंत जागचं हलायचं नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या अंगावर जीपीएस बांधून त्यांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरी सरळ चालली. आभाळ झाकोळलं की वळू लागली, आपण सरळच चाललो आहोत या पक्क्या खात्रीनं, आणि आपलाच माग ओलांडून गेली. डोळे बांधलेली माणसं तर कधीकधी वीस मीटर व्यासाच्या रिंगणात फिरत राहिली. सदरा उलटा केल्यानं दिशा कळत नाही. पण चालणं थांबतं, आणि खरा उपाय तोच आहे.

आता आवाजाबद्दल. ही गोष्ट मला थोडी सावकाश सांगायची आहे.

१९९२ च्या पावसाळ्यानंतर औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या आसपास जमिनीखालून गुडगुडल्यासारखा, कधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज येऊ लागला. लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरून काही दिवस बाहेर झोपले, मग सवय झाली आणि आत झोपायला लागले. जमिनीखाली काय आहे याबद्दल तर्क फार होते : ज्वालामुखी आहे, देवीचा कोप आहे, कुणी काही कुणी काही. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती शिरवून माणसं दमून झोपली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. साडेनऊ हजारांहून अधिक माणसं गेली. मारलं ते मुख्यतः घरांनी : हातभराहून जाड, नुसत्या मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडावर मातीचे थर दिलेलं जड माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारं, पिढ्यांच्या अभिमानाचं ते घर पहाटे अंगावर आलं.

आवाजाचं कारण आता नीट माहीत आहे. भूकंप उथळ असला आणि वर बसाल्टासारखा टणक खडक असला, तर जमिनीतून येणाऱ्या लहरींतला वेगवान कंपनांचा भाग वाटेत विरत नाही. तो पृष्ठभागाला पोचतो आणि हवेला धक्का देतो. ही कंपनं सेकंदाला वीसहून जास्त झाली की माणसाच्या कानाला ऐकू येतात. इतका लहान धक्का की भांडं हलत नाही, तरी आवाज येतो. म्हणून 'हललं काही नाही, पण जमीन ओरडली' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. २००७ च्या सुमारास नांदेड शहरात असेच सौम्य धक्के आणि आवाज बरेच दिवस येत राहिले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर या आवाजांची ओळखच झाली आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली भागात ४.५ चे धक्के बसले, तेव्हा नांदेडकरही घराबाहेर धावले. त्या दोन्ही दिवशी भुताचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : किल्लारी.

मला याचं कुतूहल वाटत आलं आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. एका रात्रीत हजारो अकाली मृत्यू, अनेकांना एकेकटी चिताही नाही; पडत्या पावसात पडलेल्या माळवदांचीच लाकडं रचून सामुदायिक दहन. जुन्या हिशेबानं यातून भुतांची अख्खी पलटण उभी राहायला हवी होती. माझं आजोळ औशाकडचं. तिथं मी पुष्कळदा विचारलं. चकव्याच्या, हडळीच्या, मुंजाच्या गोष्टी रंगवून सांगणारी माझी मावशी या प्रश्नाला फक्त म्हणाली, "कोण कुणाला धरावं बाबा? धरायला मागं कोण ऱ्हायलं?" आणि सुपातले खडे वेचत राहिली.

मला वाटतं, कारण आणखीही एक असावं. भुताला पत्ता लागतो. बावन्न गावं नव्या जागी, आखीव चौकोनांत, रुंद रस्त्यांवर वसवली गेली. जुना पिंपळ, जुना आड, जुनी शीव, सगळं मागं राहिलं. नव्या गावात आड नाही, नळ आहे. पिंपळ लावला त्याला सावली धरायलाच दहा-पंधरा वर्षं गेली. मुंजानं यायचं कुठं?

पण एक प्रकार आमच्या भागात घराच्या आत राहतो, आणि खरी भीती त्याची : भानामती. लातूर, नांदेड, धाराशिव (जुनं उस्मानाबाद), पलीकडे बीदर आणि तेलंगणातलं मेदक, या पट्ट्याचं हे खास दुखणं. तिकडे तिला बाणामती म्हणतात. घरावर दगड पडतात. पेटीतलं घडी घातलेलं लुगडं आपोआप पेटतं. जेवणाच्या ताटात राख, शेण, काचेचे तुकडे निघतात. बाईच्या अंगावर काळ्या फुल्या उमटतात. काही घरांत, काही गल्ल्यांत बाया कुत्र्यासारख्या भुंकू लागतात. एकीचं बघून दुसरी.

फुल्यांचा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. बिब्बा आमच्या बाजारात सुट्टा मिळतो. हृदयाच्या आकाराचं, काळं, चकचकीत बी. सुईनं टोचून दिव्यावर धरलं की दाट काळपट तेल पाझरतं. परीट याच तेलानं कपड्यावर खूण करायचे, कारण ती धुऊन जात नाही. हेच तेल काडीनं कातडीवर ओढलं तर त्या क्षणी फारसं काही दिसत नाही. काही तासांनी खाज सुटते, मग लाली, मग फोड, मग काळी खूण. लावणारा हात आणि उमटणारी फुली यांच्यात एक रात्र जाते, म्हणून फुली 'आपोआप' उमटते. कपडे पेटण्याचंही तसंच. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की थोडा वेळ काही होत नाही आणि मग धूर निघून भडका उडतो. पिवळा फॉस्फरस ओला असेतो गप्प असतो, वाळला की पेटतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांतून हे प्रयोग करून दाखवतात; नारळातून आग काढतात आणि मग सोडियमचा तुकडा दाखवतात. पोरं टाळ्या वाजवतात. प्रयोग सोपा आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण हात कुणाचा, हे शोधायचं असतं. या चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी शेकडो घरं पाहिली आणि त्यांची रीत ठरून गेली होती. घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बसून, घाई न करता बोलायचं. शोध लागला की प्रकार थांबवायचा, पण हे करणाऱ्याचं नाव कुणालाही सांगायचं नाही. घरालाही नाही, पेपरलाही नाही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. कारण तो हात बहुतेक वेळा घरातलाच निघतो, आणि घरातल्या सगळ्यांत दबलेल्या माणसाचा निघतो : शाळा सोडायला लावलेली मुलगी, मनाविरुद्ध लग्न ठरलेली पोर, नवऱ्यानं टाकलेली सून. तिला 'मला हे नको' असं म्हणायची सोय नसते. दगड पडायला लागले की सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. भुंकणाऱ्या बाईचं तर बहुधा तिला स्वतःलाही कळत नसतं. ते सोंग नसतं, असह्य ताण शरीराच्या वाटेनं बाहेर पडत असतो. लंडनच्या एनफील्ड भागात १९७७ मध्ये एका साध्या घरात सामान आपोआप हलण्याचा प्रकार जगभर गाजला. वडील घर सोडून गेलेलं ते कुटुंब, आणि साऱ्याच्या केंद्रस्थानी अकरा वर्षांची मुलगी. घराची भाषा वेगळी, पण दबलेलं माणूस तसंच.

भानामतीचा दुसरा बळी म्हणजे जिच्यावर आळ येतो ती. ती बहुधा म्हातारी, विधवा, एकटी, आणि कधी बांधाला बांध असलेली जमीनवाली. मंत्राचा उच्चार नीट होऊ नये म्हणून आळ आलेल्या माणसाचे दात पाडण्याचे प्रकार तेलंगणाच्या बाजूला घडलेले आहेत. भुतानं कुणाचे दात पाडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा आठवड्याच्या आत वटहुकूम होऊन आला. डिसेंबरात विधिमंडळानं तो मंजूर केला. त्याखालचा पहिला गुन्हा दाखल झाला तो आमच्याच नांदेडात, सप्टेंबर २०१३ मध्ये; कर्करोग, मधुमेह आणि एड्स चमत्कारानं बरे करण्याची जाहिरात करणाऱ्या दोघांवर. या कायद्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे की त्यानं भुतावर विश्वास ठेवायला बंदी केली. तसं त्यात काही नाही. अनुसूचीतला पहिलाच प्रकार वाचला तर कळतं की बंदी कशाला आहे : भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं, साखळीनं बांधणं, काठीनं चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, पादत्राणं बुडवलेलं पाणी पाजणं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. ती यादी वाचताना एक गोष्ट अंगावर येते : यातला एकही प्रकार कायदा लिहिणाऱ्यांनी कल्पनेनं रचलेला नाही. धुरी देणाऱ्याचा हात कुणीतरी पाहिलेला आहे. पारावर बसून मुंजाची गोष्ट सांगायला मात्र पूर्ण मुभा आहे, आणि ती असावी.

भुतांशी वागायची आमची खरी रीत मारायची नव्हतीच. वाटा देऊन बाजूला बसवायची होती. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातली क्षेत्रपालाची एक प्रचंड मूर्ती होती. क्षेत्रपाल म्हणजे शिवेचा राखणदार. तिचे भग्न अवयव आज सापडतात आणि नुसतं पाऊल बघून मूळ उंचीचा अंदाज करताना मान वर जाते. राजानं उभा केला तो क्षेत्रपाल. कुणब्यानं शेंदूर फासून बांधावर बसवला तो म्हसोबा. काम एकच : आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं.

याची सगळ्यांत देखणी तऱ्हा लातूरकडे अजून चालू आहे. एरवी अमावास्या म्हटलं की पोरांना बाहेर सोडत नाहीत, नवं काम काढत नाहीत, तिवाट्यावर लिंबू आणि काळी बाहुली पडलेली दिसते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला मात्र सगळा जिल्हा घराबाहेर पडून रानात जातो. ही वेळ अमावास्या, आमची येळवस. लातूर शहरात त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस असतात. शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव, लक्ष्मी, पुढं आंबिलाचं मडकं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो. कोवळा हरभरा, वाटाणा, तूर, वालाच्या शेंगा, मिळेल ती भाजी घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. जेवणाआधी घरचा माणूस मडकं घेऊन शेताच्या कडेनं चर शिंपत फिरतो. डहाळी आंबिलात बुडवायची, बांधावर झटकायची, आणि अर्धी कानडी वाटणारी एक आरोळी द्यायची, जिचा अर्थ आरोळी देणाऱ्यालाही सांगता येत नाही. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून त्याच कडेनं पुन्हा एक फेरा.

गेल्या खेपेला मामाच्या मागून मीही फिरलो. आग्नेयेच्या कोपऱ्यात, जिथून पलीकडची जुनी पांढरी सुरू होते, तिथं मामानं डहाळी दोनदा जास्त झटकली. एकदा आपल्या बांधावर आणि एकदा हात लांब करून पलीकडं, जिथं आमची एक पेंडी कडबा निघत नाही.

"मामा, हे कुणाचं?"

"तिकडच्यांचं."

"तिकडं कोण ऱ्हातंय?"

मामानं मडक्यात वाकून पाहिलं. तळाला थोडी आंबील उरली होती. तीही त्यानं पलीकडं ओतली, मडकं पालथं करून झटकलं आणि वळला. "काय इचारलालास रं? चल, भज्जी गार होऊलालीय."